शालनबाईंचा पासवर्ड

ते साल १९९८. बारामतीतल्या एका कॉलेजात त्या जुलैपासून संध्याकाळचा एक नवा वर्ग सुरू झाला आणि फलकावर त्याचं नाव लागलं : 'संगणक, सुरक्षा आणि समाज – प्राथमिक ओळख'. नाव वाचून बरेच जण हसले. संगणक म्हणजे काय हेच तेव्हा निम्म्या गावाला ठाऊक नव्हतं. भिमा शिपाई म्हणाला, "मशीनवर धूळ बसू नये म्हून कापड टाकायचं, एवढंच शिकवायचं आसंल. त्याला वरीसभर कशाला?"

शालन देवकाते त्या कॉलेजची टंकलेखिका. वय चाळिशीला टेकलेलं. परीक्षांचे पेपर टाइप करणं हे तिचं मुख्य काम आणि तिची मुख्य अब्रूही तीच. टाइपरायटरच्या दिवसांत पेपर छापून झाले की ती स्टेन्सिल स्वतःच्या हातानं जाळायची आणि राख होईपर्यंत उभी राहायची. तिच्या सख्ख्या पुतण्यालाही कधी पेपरातलं अक्षर कळलं नाही, असं प्राध्यापक कौतुकानं सांगत.

तिचं सासर सुप्याजवळच्या वस्तीवरचं. सासऱ्यांच्या हयातीत मेंढरं घेऊन कोकणात उतरणारं घर. शालन लग्न होऊन आली तोवर मेंढरं गेली होती, विहीर झाली होती आणि थोरले दीर दत्तोबातात्या चार माणसांत बसू-उठू लागले होते. पुढे ते कॉलेजच्या कमिटीवर गेले. शालनची नोकरी त्यांच्याच शब्दानं लागलेली. त्यांच्यासमोर ती डोक्यावरचा पदर कधी ढळू देत नसे, आणि थेट बोलायची वेळ आली तर दाराआडून बोले. तिचा नवरा मानसिंग साखर कारखान्यात फिटर होता. तो तिच्या बोलण्यात नेहमी 'आमचे हे' असे. नाव फक्त उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवलं तरच.

प्राचार्यांनी शालनला बोलावून सांगितलं, "बाई, पुढच्या परीक्षेपासून पेपर संगणकावर. हा वर्ग तुम्हाला करायलाच हवा." म्हणून ती वर्गाला जाऊ लागली. ग्रंथालयातली छबूबाई सोबत आली. आणखी काही कार्यालयांतल्या बायका होत्या आणि मागच्या बाकांवर कॉलेजची मुलं. त्यांत तात्यांचा शंभूराज होता. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेला, शालनचा पुतण्या.

शिकवायला होते बुद्धघोष सर. बावड्याचे, पुण्यात शिकलेले, सडपातळ, पंचविशीतले. नेमणूक तात्पुरती, वर्षावर्षाची. पहिल्याच दिवशी त्यांनी संगणकाला हातही लावला नाही. फळ्याला टेकून विचारलं, "तुमच्यापैकी कुणाकुणाचा फोन वाण्याच्या दुकानात येतो?"

बरेच हात वर झाले.

"मग तुमच्या मुलीला स्थळ आलं, हे तुमच्या आधी कुणाला कळतं?"

"वाण्याला!" सगळे हसले.

"आणि दवाखान्यात कंपाउंडर रिपोर्ट मोठ्यानं वाचतो तेव्हा?"

यावर कुणी हसलं नाही.

"संगणक नवा आहे, प्रश्न जुना आहे," सर म्हणाले. "दुसऱ्याची माहिती आपल्याजवळ आली म्हणून ती आपली होत नाही. एवढं ज्याला समजलं त्याचा अर्धा अभ्यासक्रम झाला."

शालनला हे फार आवडलं. आपण इतकी वर्षं स्टेन्सिल जाळत होतो ते काही वेडेपणाचं नव्हतं, त्याला शास्त्र आहे, असं तिला वाटलं. घरी जाऊन तिनं मानसिंगला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "तुजा मास्तर श्याना दिसतोय. पगार किती देत्यात त्याला?"

"थोडाच."

"मग टिकायचा न्हाय."

ऑगस्टमध्ये पासवर्डचा धडा आला. मधल्या खोलीत एक मोठं मशीन आणि त्याला जोडलेली बाकीची, अशी व्यवस्था होती. प्रत्येकाला मशीनमध्ये स्वतःचं नाव आणि स्वतःचा गुप्त शब्द. सरांनी बजावलं, "मुलांची नावं नकोत, देवाचं नको, गावाचं नको. ती सगळ्यांना सुचतात. जो शब्द तुम्ही चारचौघांत कधीही तोंडातून काढत नाही, असा शब्द शोधा."

छबूबाई लगेच म्हणाली, "सर, तसलं शब्द माझ्याकडं लई हायेत. पण मशीनला सोसतील का?"

वर्ग खो खो हसला. सरही हसले. त्या हसण्यात शालन मात्र विचारात पडली. चारचौघांत कधीही तोंडातून न काढलेला शब्द. तिच्याकडे असा शब्द होता, आणि एकच होता. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि इंग्रजीत एकेक अक्षर दाबलं. पडद्यावर अक्षरांऐवजी एकेक चांदणी उमटत गेली. नवऱ्याचं नाव समोर होतं आणि कुणाला दिसत नव्हतं. कान गरम झाले. नव्या नवरीसारखं आपल्याला का व्हावं, म्हणून तिला स्वतःचंच हसू आलं.

शेजारी छबूबाईनंही मान खाली घालून काहीतरी दाबलं आणि तोंडाला पदर लावला. त्या ओळीतल्या सगळ्याच बायका थोड्या लाजलेल्या होत्या. त्याचा अर्थ तेव्हा कुणाच्या डोक्यात आला नाही. सरांच्या तर नाहीच नाही.

दिवाळीनंतर सरांनी सांगितलेली एक गोष्ट शालनच्या विशेष लक्षात राहिली. ते म्हणाले, "या कामात चूक होणारच. चूक झाली की पहिल्यांदा सांगा. घाबरू नका. लपवलेली चूक जिथल्या तिथं राहत नाही, ती दुसऱ्याच्या अंगावर जाऊन पडते." चाचणीत यावर प्रश्न आला. शालननं पानभर उत्तर लिहिलं आणि त्याला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. सरांनी ते वाचून दाखवलं. शंभूराज मागून म्हणाला, "काकी, आता आमाला घरी बी अभ्यास घ्यायला बसवताय वाटतं!"

जानेवारीत पूर्वपरीक्षा होती. तिच्या तोंडावर शेवटच्या वर्षाचा हिशेबशास्त्राचा पेपर कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात सापडला. तिथं टिपणांची झेरॉक्स काढायला गेलेल्या एका प्राध्यापकांनीच तो काचेवर पाहिला. परीक्षा पुढे ढकलली गेली आणि चौकशी बसली. मशीनमध्ये नोंद होती : रविवारी दुपारी शालन देवकाते या नावानं कुणीतरी आत शिरलं होतं, पेपर उघडला होता आणि छापला होता. रविवारी वर्गाच्या सरावासाठी ती खोली उघडी असे, आणि ती उघडी ठेवण्याची परवानगी बुद्धघोष सरांनीच मागून घेतलेली. शालन मात्र त्या दिवशी इंदापूरला, भावाच्या मुलीच्या साखरपुड्याला गेली होती. तिच्यावर संशय घ्यायला जागाच नव्हती.

चौकशी प्राचार्यांच्या खोलीत झाली. खुर्चीत प्राचार्य, त्यांच्या शेजारी कमिटीतर्फे दत्तोबातात्या, समोर बुद्धघोष सर. शालन दाराजवळ पदर घेऊन उभी. तिला बसायला सांगितलं होतं, पण तात्यांसमोर ती कशी बसणार?

"सर, मशीनच्या किल्ल्या तुमच्याकडे," प्राचार्य म्हणाले. "बाईंचा शब्द तुम्हाला माहीत असणार."

"नाही सर. मला तो बदलता येतो, बघता येत नाही," बुद्धघोष सर म्हणाले. "मी बदलला असता तर सोमवारी बाईंना मशीन उघडलंच नसतं. बाई, सोमवारी तुमच्या जुन्याच शब्दानं उघडलं ना?"

"उघडलं," शालन म्हणाली.

"म्हणजे जो आत शिरला त्याला बाईंचाच शब्द ठाऊक होता. बाईंनी तो कुणाला सांगितला नाही, मी विचारला नाही. मग तो कुणीतरी ओळखला. शब्द कोणता होता ते कळलं तर कुणाला ओळखता आला असता तेही कळेल. आता बाईंनी तो बदललाय, सांगायला हरकत नाही." ते तिच्याकडे वळले. "बाई, सांगता?"

शालनच्या लक्षात सगळं त्याच क्षणी आलं. शब्द सांगितला की कुणी लहान मूलही म्हणेल, हा तर देवकात्यांच्या घरात शिरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सर त्यातून सुटत होते. आणि चूक तिच्या पदरात येत होती. समोर थोरले दीर. त्यांच्या धाकट्या भावाचं नाव, त्यांच्या देखत, तिच्या तोंडून. तिनं तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही.

"बोला की बाई," प्राचार्य म्हणाले.

बुद्धघोष सरांना वाटलं, शब्द काही अडचणीचा असेल. त्यांनी खिशातलं पेन काढलं, कागद पुढे केला. "बोलवत नसेल तर लिहून द्या. मी बघणारही नाही, फक्त प्राचार्यांनी बघावं."

शालन पुढे झाली. तिनं पेन हातात घेतलं.

"ऱ्हाऊ द्या ते," तात्या म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आमच्या घरच्या बाईला चौकशीला उभी करता व्हय? तिनं कुणाला काय सांगितलं न्हाय, ती सांगायची न्हाय. इतकी वर्सं एक पेपर फुटला न्हाय तिच्या हातनं. ह्यो नवा कारभार आला, बाहेरचा माणूस आला, आन् फुटला. ह्येच्यात समजायचं ते समजा."

बावडा काही परमुलूख नव्हे, शेजारच्या इंदापूर तालुक्यातलंच गाव. पण 'बाहेरचा' म्हणजे काय ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं, बुद्धघोष सरांना तर सगळ्यांत आधी. ते शालनकडे पाहत राहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. ते वाट पाहत होते.

शालननं पेन टेबलावर ठेवलं.

"या बाई तुम्ही," प्राचार्य म्हणाले.

महिनाअखेर बुद्धघोष सरांची नेमणूक संपवण्यात आली. कागदावर चोरीचा शब्दही नव्हता, फक्त 'सेवेची आवश्यकता नाही' एवढंच. वर्ग अर्ध्यातच बंद पडला. शेवटच्या तासाला प्रत्येकानं उभं राहून आपण काय शिकलो ते सांगायचं ठरलं होतं. तो तास झालाच नाही.

होळीला शंभूराज पोळी खायला काकाकाकूंकडे आला. मानसिंग कारखान्यात पाळीला गेला होता. दुधात पोळी कुस्करता कुस्करता तो एकदम हसला. "काकी, रागावणार नसाल तर सांगतो. लई सोपं ठेवलं हुतं तुमी."

शालनच्या हातातला चमचा थांबला.

"सर म्हणलं, तोंडातनं न काढलेला शब्द घ्या. आन् तुमी समद्या लाजाया लागल्या. मला तवाच कळलं. काकाचं नाव टाकलं, उघडलं! छबूबाईचं बी गंमत म्हून बघितलं. 'म्हस्कू'! पयल्या झटक्यात."

"पेपर तू काढलास?"

"मी एकट्यानंच वाचला आसता तर कुणाला कळलंबी नसतं. दोस्तानं झेरॉक्सला न्हेला, त्ये गाढव." तो अजून हसत होता. "आता झालं गेलं. तात्यांनी कानफाड फोडलं माझं तवाच."

म्हणजे तात्यांना कळलं होतं. ते चौकशीच्या आधी की नंतर, हे विचारायचा धीर शालनला झाला नाही. ते तिला पुढेही कधी कळलं नाही.

मानसिंग पाळीवरून आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. आधी तो भलताच खूश झाला. "माजं नाव? मशीनमदी?" मग पुढचं ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. हातपाय धुवायचं विसरून तो ओट्यावर बसला.

"मग म्हणायचं ना गं नाव! मी काय मेलो असतो का?"

"तात्या समोर हुते."

"तात्या काय खाणार हुते तुला? एका पोराची भाकरी गेली, शालन."

लाज आडवी आली असं ती स्वतःला आणि त्याला सांगत होती. पण हातात पेन होतं, ते तिला कसं विसरता येणार? लाजेनं जीभ अडते, हात अडत नाही. तात्या 'ऱ्हाऊ द्या' म्हणाले तेव्हा आपल्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही.

रविवारी दोघं एस.टी.नं बावड्याला गेली. बुद्धघोष सरांचं घर गावाच्या टोकाला, नीटनेटकं, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. सर नव्हते. काम शोधायला पुण्याला गेले होते. धाकटी बहीण प्रियदर्शनी, इंदापूरला शाळेत शिकवणारी, तिनं पाणी दिलं. शालननं आल्या कामाचं सांगायला सुरुवात केली. मधेच अडली. मग मानसिंगनंच पुढचं सांगितलं.

प्रियदर्शनी ऐकत होती. म्हणाली, "दादाला हे सुचणं शक्यच नव्हतं. आमची आई बाबांना नावानं हाक मारते." आतून खरंच हाक आली, "ज्ञानदेवा, ताट वाढलंय!" आणि अंगणातून म्हाताऱ्याचं "आलो, आलो." प्रियदर्शनीला हसू आलं नाही. "दादा घरी आल्यावर एकच म्हणत होता. बाई सांगतील. आज नाही तर उद्या सांगतील. त्या शिकलेल्या आहेत."

"म्हणून तर आलो, ताई," मानसिंग म्हणाला.

"मला सांगून काय उपयोग? तिकडं सांगा की." तिचा आवाज शांत होता. "दादाला मी पत्रातून कळवीन. चहा घेऊन जा."

सोमवारी शालन प्राचार्यांकडे गेली. दार लावून घेतलं आणि सरळ म्हणाली, "माझा शब्द मानसिंग होता. आमच्या मालकांचं नाव. पेपर आमच्या शंभूनं काढला." आयुष्यात पहिल्यांदा ते नाव तिनं परक्या पुरुषासमोर उच्चारलं. काहीच झालं नाही. पंखा फिरत होता, प्राचार्य चष्मा पुसत होते.

"बाई, तुमचं मन मोकळं झालं ना? मग पुरे," ते म्हणाले. "ठराव झालाय. त्यात चोरी लिहिलेली नाही, मग मागे काय घ्यायचं? आणि तात्यांच्या मुलाचं नाव मी कमिटीत कसं घेऊ? त्याचं वर्ष जाईल, तुमची नोकरी जाईल."

कमिटीत जाऊन उभं राहणं तिच्या हातात होतं. वर्तमानपत्राचा बातमीदार गल्लीतच राहत होता. तिनं दोन्ही केलं नाही. मुलीचं, दिपालीचं, शिक्षण व्हायचं होतं. घर तात्यांच्या जागेत होतं. कारणं खरी होती. पुढच्या काळात ती रोज मोजूनही त्यांत खोटं एकही सापडलं नाही, आणि तरी त्यांनी तिला कधी झोप दिली नाही.

पुढे शंभूराज पदवीधर झाला. काही वर्षं त्यानं गाड्यांच्या कर्जाच्या एजन्सीत काम केलं, मग तात्यांच्या जागी कमिटीवर गेला. काकूच्या पाया पडतो. तो प्रकार त्याला आठवतही नसेल. दत्तोबातात्या दोन हजार चारला वारले. शेवटच्या दुखण्यात शालननं त्यांची सेवा केली. एकदा त्यांनी तिचा हात धरून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण जीभ जड झाली होती. प्राचार्य निवृत्त होऊन पुण्यात मुलाकडे गेले. छबूबाईनं पेपर फुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी शब्द बदलला होता, आणि नवा कोणता ते मरेपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. दिपाली शिकली, बँकेत लागली. मानसिंगला कारखान्यातून निवृत्त होऊन वर्ष झालं नाही तोच हृदयविकारानं नेलं. त्यानं बावड्याचा विषय पुन्हा कधी काढला नाही, पण एकदा भांडणात म्हणाला होता, "तू गप बसण्यात लई हुशार हायस."

वर्ग पुन्हा सुरू झाला नाही. कॉलेजात संगणक वाढले, खोल्या वाढल्या. शालन निवृत्त होईपर्यंत पेपर टाइप करत राहिली आणि एकही फुटला नाही. निरोप समारंभात तिच्या प्रामाणिकपणावर भाषणं झाली. ती खाली मान घालून बसली होती.

बुद्धघोष सरांना पुण्यात आधी एका दुकानात मशीन दुरुस्तीचं काम मिळालं. पुढे ते नाशिककडच्या एका संस्थेत शिकवायला लागले, लग्न झालं, मुलगी झाली. हे शालनला प्रियदर्शनीकडून तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं.

मानसिंग हयात असतानाच, दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात, इंदापूरच्या एस.टी. स्टँडवर सर तिला भेटले. त्यांनीच ओळखलं. "शालनबाई!" केस विरळ झाले होते. त्यांनी तिची पिशवी घेतली, सावलीत बसवलं, उसाचा रस आणून दिला. मानसिंगरावांची चौकशी केली. मुलीचं नाव सृष्टी, तिसरीत आहे, भारी चौकस आहे म्हणाले. शालन ग्लास धरून बसली होती. आता बोलू, रस संपला की बोलू, असं तिच्या मनात चाललं होतं. ते आपणहून काही काढतील असंही वाटत होतं. त्यांनी काढलं नाही. बहुधा बहिणीच्या पत्रातून त्यांना सगळं कळलंच असेल. बहुधा तिच्या तोंडून ऐकायचंही असेल.

बावड्याची गाडी लागली. ते उठले, म्हणाले, "येतो बाई, काळजी घ्या." गर्दीतून आत शिरून खिडकीशी बसले आणि गाडी निघेपर्यंत तिच्याकडे पाहत होते, तसंच, रागावाचून. शालननं हात वर केला. गाडी फाटकातून बाहेर पडली.